आजारी माणूस घरी आणल्यावर: पहिल्या दोन महिन्यांत शिकायच्या गोष्टी

आईला रुग्णालयातून घरी आणलं तो आषाढातला दिवस होता. ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी तिला उचलून खाटेवर ठेवलं, चादर पायापर्यंत ओढली आणि पावसात निघून गेले. पक्षाघाताने उजवं अंग गेलेलं, बोलणं अर्धवट. अर्ध्या तासाने ती कण्हायला लागली. तिला कुशीवर वळायचं होतं एवढं मला कळलं, पण वळवायचं कसं ते कळेना. मी तिचा लुळा हात धरून ओढला. ती किंचाळली. गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारात ३० वर्षं दुकान चालवलेला ५६ वर्षांचा माणूस मी, आणि मला आईची कूस बदलता येत नव्हती.

त्यानंतर चार वर्षं मी तेच काम केलं. घरात रुग्णसेवा करणाऱ्याला भेटेल तो सांगतो, ‘धीर धर’. पण माझा धीर सुटायचा तो बहुतेक वेळा काम येत नसल्यामुळे. तिला उठवताना दोघंही पडलो की मग रात्री मी भिंतीकडे तोंड करून रडायचो. उठवायची पद्धत शिकलो आणि ते रडणं अर्ध्यावर आलं. म्हणून हा लेख हातांपासून सुरू होतो, मनाकडे नंतर येतो. मात्र मनाचा भाग शेवटी आहे म्हणून तो शेवटी करायचा, असं समजू नका.

रुग्णालयातून निघण्याआधी

डिस्चार्जचा कागद हातात आला की सगळ्यांना घाई सुटते. गाडी बाहेर उभी असते, बिल भरायचं असतं. ती घाई करू नका. आदल्या दिवशीच वॉर्डमधल्या सिस्टरना सांगा: ‘उद्यापासून हे मला करायचंय. आज तुम्ही बघा, मी करतो.’ नुसतं बघून शिकता येत नाही. कूस बदलणं, डायपर बदलणं, भरवणं, लघवीची नळी असेल तर पिशवी रिकामी करणं, यातलं प्रत्येक काम एकदा तरी स्वतःच्या हातांनी, त्यांच्या नजरेखाली करा. त्यांची हरकत नसेल तर फोनवर चित्रण करून ठेवा. रात्री २ वाजता ते फार उपयोगी पडतं. फिजिओथेरपिस्टला भेटल्याशिवाय तर निघूच नका.

शनिवारी संध्याकाळचा डिस्चार्ज शक्यतो टाळावा. रविवारी शंका विचारायला कोणी सापडत नाही.

डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिहून न्या, कारण त्यांच्यासमोर उभं राहिलं की निम्मं विसरायला होतं. कुठलं औषध जेवणाआधी, कुठलं नंतर? कुठली गोळी कुटून देता येते? हा प्रश्न मी विचारला नव्हता आणि सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून देत होतो. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून खास बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. गिळता येत नसेल तर तेच औषध पातळ स्वरूपात मिळतं का, हे विचारावं. तिसरा प्रश्न: काय दिसलं तर लगेच परत आणायचं? आणि चौथा: पुढच्या तपासण्या दर वेळी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉतच का? म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या सरकारी रुग्णालयांत किंवा तालुक्याच्या आरोग्य केंद्रात काय काय होऊ शकतं? पेडण्याहून किंवा काणकोणहून अंथरुणावरच्या माणसाला गोमेकॉत नेणं म्हणजे घरच्या दोन माणसांचा अख्खा दिवस जातो.

खोली

आमची जुनी घरं दिसायला सुंदर, पण आजाऱ्याला गैरसोयीची. उंच उंबरठे, आतली काळोखी खोली, मागच्या दाराने तीन पायऱ्या उतरून न्हाणीघर. आईची खाट मी आधी आतल्या खोलीत टाकली, ‘तिला शांतता हवी’ म्हणून. दोन आठवड्यांत ती भिंतीशी बोलायला लागली. मग खाट बाहेरच्या खोलीत, बाल्कांवाकडच्या (दारापुढच्या ओसरीकडच्या) खिडकीशी आणली. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू यायचा, येणारा-जाणारा दिसायचा, तुळशीवृंदावन नजरेसमोर. घर पाहुण्यांना कसं दिसतं याची काळजी सोडा आणि आजाऱ्याला घराच्या मध्यावर आणा. हाक मारली की ऐकू येणं हेही त्यात आलं.

खाटेची उंची अशी हवी की माणूस कडेला बसला तर दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. कमोडची खुर्ची घ्याच. वॉकर, व्हीलचेअर, डोक्याकडून वर उचलता येणारी खाट या वस्तू भाड्याने मिळतात. महिनाभर वापरून मग विकत घ्यायच्या का ते ठरवा. माझे बरेच पैसे घाईने घेतलेल्या आणि न वापरलेल्या वस्तूंत गेले.

पावसाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. चार महिने कपडा वाळत नाही. दमट चादर आणि डायपर यांनी जांघेत, काखेत, छातीखाली कातडी लाल होते, मग बुरशी धरते. सुती चादरी डझनभर तरी हव्यात, आणि अर्धवट वाळलेल्या चादरीवर इस्त्री फिरवूनच ती घालायची. पावडर फासू नका. घामात तिचे गोळे होतात आणि तेच कातडीला घासतात. धुऊन, टिपून कोरडं करणं एवढंच पुरतं. दुसरी गोष्ट विजेची. पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून घालतात त्या हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, वीज गेली की गादी बसत जाते आणि आजारी माणूस खाटेच्या फळीवर येतो. आमच्याकडे एका रात्री पाच तास वीज नव्हती आणि हे मला पहाटे कळलं. तेव्हापासून हवेच्या गादीखाली साधी कापसाची गादी कायमची ठेवली. घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर इन्व्हर्टर किंवा भरलेला सिलिंडर हवाच.

दिवाडी, चोडण अशा बेटांवर राहत असाल तर फेरीबोटीचं रात्रीचं वेळापत्रक भिंतीवर लावा.

हातांचं शिक्षण

इथे जरा थांबून वाचा. सगळ्यात जास्त चुका मी इथेच केल्या.

कूस बदलणं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला आपण उभं राहायचं. पलीकडचा गुडघा दुमडून उभा करायचा, पलीकडचा हात छातीवर आडवा घ्यायचा. आपला एक हात पलीकडच्या खांद्यामागे, दुसरा कमरेच्या हाडामागे. ‘आये, तुला माझ्याकडे वळवतोय’ असं सांगून अंगाकडे ओढायचं. ओढायचं ते खांदा आणि कंबर धरून, हात धरून कधीच नाही. पक्षाघात झालेल्या बाजूचा खांदा सांध्यातून सैल झालेला असतो. काखेत हात घालून उचललं किंवा मनगट धरून ओढलं की तो निखळतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. वळवल्यावर पाठीमागे एक उशी, दोन गुडघ्यांमध्ये एक, आणि पोटऱ्यांखाली एक अशी की टाच अधांतरी राहील. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. हवेची गादी असली तरी कूस चुकवायची नाही.

अंगाखाली एक आडवी चादर दुमडून घातलेली असावी, खांद्यापासून मांडीपर्यंत. माणूस खाली घसरला की दोघांनी दोन बाजूंनी ती चादर धरून वर सरकवायचं. काखेत धरून फरफटवलं तर पाठीची कातडी सोलते.

रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, कमरेची हाडं, कोपर आणि कानांच्या मागे बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर जखमेची सुरुवात आहे, आणि त्या जागेवर आता वजन पडू द्यायचं नाही. लोक तेल लावून चोळायला सांगतात, शेजारच्या काकूंनी मलाही सांगितलं. चोळू नका, आतली नाजूक कातडी आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी चकती दुकानात मिळते, तीही नको. तिच्या कडांचा दाब पडून मधला रक्तपुरवठा उलट अडतो.

खाटेवरून खुर्चीवर. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला, खाटेला तिरकी चिकटवून ठेवा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावलेला हवा. आधी कडेला बसवून दोन मिनिटं थांबा, चक्कर येत नाही ना ते पाहा. कमरेला पंचा घट्ट गुंडाळा आणि पकडायचं ते त्याला. त्यांचे पाय जमिनीवर थोडे मागे, आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकू देणारा. मग ‘पुढे वाका, नाक पायाच्या बोटांवर’ असं सांगा. पुढे वाकलं की बूड आपोआप उचललं जातं, उचलण्याचा जोर लागत नाही. आपण वाकायचं ते गुडघ्यांतून. त्यांना आपल्या गळ्यात हात टाकू देऊ नका, मानेची कायमची वाट लागते, माझी लागली आहे. आणि माणूस पडायलाच लागला तर हट्टाने तोलून धरू नका. अंगाला टेकवून हळूहळू जमिनीवर उतरवा आणि मग कोणाला तरी हाक मारा. दोघं पडण्यापेक्षा एकाने नीट खाली बसलेलं बरं.

कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तर रोजची दहा मिनिटांची झटापट वाचते.

भरवणं. आपल्याकडे आजाऱ्याला पहिली आठवते ती पेज. उकड्या तांदळाची पातळ पेज, त्यात शितं. ज्याला गिळायला त्रास आहे त्याच्यासाठी पेजेचा हाच प्रकार सर्वांत अवघड, कारण पाणी पुढे पळतं आणि शितं मागे राहतात. गळ्याला दोन वेगळी कामं एकाच वेळी करावी लागतात. आईला रोज पेजेने ठसका लागायचा आणि मी म्हणायचो, ‘पेजच जात नाही तर दुसरं काय जाणार?’ पेज घोटून, गाळून, दाट एकजीव केल्यावर तीच पेज सुरळीत गेली. नुसतं पाणी, चहा, सोलकढी हे पातळ पदार्थ सर्वांत जास्त श्वासनलिकेत जातात. किती दाट करायचं ते डॉक्टर किंवा गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट सांगतात, अंदाजाने करू नये.

भरवताना सरळ बसवा, हनुवटी किंचित छातीकडे. आडवं ठेवून किंवा मान मागे टाकून घोटही देऊ नये. छोटा चमचा, तोही अर्धा, चांगल्या बाजूने. आपण समोर बसावं, उभं राहून भरवलं की त्यांची मान वर जाते. गळा वर-खाली हलला, घास गेला, मगच पुढचा. टीव्ही बंद. जेवल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोट फिरवून बघा, तिथे घास साठतो आणि त्यांना कळत नाही. आवाज ओला, घरघरता झाला तर थांबा. जेवणानंतर अर्धा तास तरी बसतं ठेवा. आणि तोंड दोन्ही वेळा स्वच्छ करा, कवळी काढून. हे दातांसाठी तर आहेच, पण तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो, म्हणून जास्त. ताप आणि खोकला वारंवार येत असेल तर भरवण्यातच काहीतरी चुकतंय असं आधी समजा. मासे खायची सवय असलेल्याला चार दिवस मासा दिला नाही तर जेवण नकोसं होतं. काटे पूर्ण काढून, कुस्करून, माशाच्याच कढीत कालवून द्यावा.

आंघोळीबद्दल एक सांगायला हवं. मुलाने आईला आंघोळ घालावी का, यावर वाड्यावर कुजबुज झाली. माझी बायको सकाळच्या शाळेत शिकवते, बहीण सासरी. मग कोण घालणार? आई पहिले आठ दिवस डोळे मिटून घ्यायची, मीही दुसरीकडे बघत हात चालवायचो, त्यात साबण तसाच राहून तिला पुरळ उठलं. मग सिस्टरने सांगितलेली रीत आठवली: सगळं अंग चादरीने झाकलेलं ठेवायचं आणि एका वेळी एकच भाग उघडायचा, धुवायचा, टिपायचा, झाकायचा. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगायचं. तिच्या चांगल्या हातात पंचा दिला आणि पुढचं अंग तिचं तिने पुसलं. दुसऱ्या आठवड्यापासून तिने डोळे मिटले नाहीत.

लघवीची नळी असेल तर तिची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकवता. नळी दुमडलेली नाही ना ते प्रत्येक कुशीनंतर पाहा.

वही आणि भिंतीवरचा कागद

दोनशे पानी वही घ्या. रोज एक पान: औषधं, किती खाल्लं, लघवी, शौच, ताप, कूस. शौचाची नोंद लोक टाळतात, पण बद्धकोष्ठ हेच कित्येकदा चिडचिडीचं आणि गोंधळाचं कारण निघतं. डॉक्टरांसमोर ‘बरी आहे’ म्हणण्याऐवजी वही पुढे करा.

भिंतीवर एकच कागद: १०८ मोठ्या अक्षरात, घराची खूण, चालू औषधं, ॲलर्जी. त्याखाली लिहा की तोंड वाकडं झालं, एक हात-पाय अचानक गळाला किंवा बोलणं अडखळलं तर वेळ लिहून ठेवायची आणि तडक निघायचं. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही तपासणी होऊन. ‘सकाळी बघू’ म्हणण्यात ती वेळ निघून जाते.

आजारी माणूस विसरू लागलं तर

तिसऱ्या वर्षी आई संध्याकाळ झाली की म्हणायची, ‘मला घरी सोड, आई वाट बघत असेल.’ तिची आई १९७१ साली गेलेली. मी तिला ते सांगायचो. तिला ती बातमी दर वेळी नव्यानेच कळायची आणि ती दर वेळी नव्याने रडायची. एका संध्याकाळी थकून मी विचारलं, ‘तुझी आई काय करायची गं संध्याकाळी?’ ती दिवा, गाई, विहीर सगळं सांगत बसली आणि घरी जायचं विसरली. वाद घालून स्मृती परत येत नाही. खरं-खोटं करण्यापेक्षा तिच्या मागणीमागे काय आहे, भीती की भूक की लघवीची निकड, ते शोधावं. संध्याकाळी गोंधळ वाढतो, म्हणून काळोख पडायच्या आधीच दिवे लावा. दाराला बारीक घंटा बांधा. जुनी गाणी लावा. दीनानाथ मंगेशकर आणि केसरबाई केरकर ज्या मुलखातले, तिथल्या म्हाताऱ्यांना नाट्यपदं बहुधा शेवटपर्यंत आठवतात. नातवाचं नाव न आठवणाऱ्या आईला पदाची पुढची ओळ बरोबर यायची.

एक मात्र ओळखायला शिका. महिनोन्महिने हळूहळू वाढणारा विसरभोळेपणा वेगळा, आणि कालपर्यंत ठीक असलेलं माणूस आज अचानक बरळायला लागणं वेगळं. दुसऱ्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवं औषध असं काहीतरी असतं. ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर.

या कामात गोव्याने करून दाखवलेली एक गोष्ट आपल्यालाच फारशी माहीत नाही. १९९६ साली इथे सुरू झालेल्या संगाथ या मानसिक आरोग्याच्या संस्थेशी संबंधित डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या ८१ घरांचा अभ्यास केला. निम्म्या घरी प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं जाऊन घरच्यांना आजार समजावून सांगत, वागणुकीला कसं तोंड द्यायचं ते शिकवत. सहा महिन्यांनी त्या घरांतल्या सेवा करणाऱ्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा चांगली होती. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिकवायला येणारे डॉक्टर नव्हते, याचं मला अप्रूप वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसपोर्ट’ ही शिकवणी अशाच घरच्यांसाठी आहे. इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला ती तुमच्यासाठी वाचून सांगायला लावा. परदेशातल्या मुलालाही हे काम देता येतं.

घरची बैठक

सेवा एकाच माणसावर पडते. बहुधा सुनेवर, नाहीतर गावात राहिलेल्या मुलावर, नाहीतर लग्न न झालेल्या मुलीवर. कोणी ठरवत नाही, आपोआप होतं. म्हणून पहिल्या महिन्यातच सगळ्यांना एकत्र बसवा, फोनवर का होईना. माझा धाकटा भाऊ दुबईत, बहीण सावंतवाडीला. मी आधी म्हणायचो, ‘जमेल तशी मदत करा.’ जमेल तशी म्हणजे काहीच नाही, हे कळायला वर्ष गेलं. नंतर वही उघडून कामं वाटली. भाऊ: डायपर आणि औषधांचा सगळा खर्च, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, आणि रोज रात्री ८ वाजता आईला व्हिडिओ कॉल. बहीण: दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार इथे राहणार, तेव्हा मी घरात नसणार. भाऊ आधी चिडला. पण काम नेमकं असलं की माणसं करतात, असा माझा अनुभव.

बघायला येणाऱ्यांचंही नियोजन लागतं. सफरचंदं आणि सल्ले दोन्ही भरपूर येतात. भेटीची वेळ संध्याकाळी ५ ते ६ ठरवा आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला तिथेच काम सांगा: ‘मंगळवारी तासभर बसाल का तिच्यापाशी?’ निम्मे पुन्हा येत नाहीत. उरलेले निम्मे खरे. चवथीच्या दिवसांत विशेष सांभाळा. घर पाहुण्यांनी भरतं, मदतनीस रजेवर जाते, डॉक्टर मिळत नाहीत, आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधण्यापासून आरतीपर्यंत सगळं तुमच्याकडूनच हवं असतं. एका वर्षी मी दीड दिवसाचा गणपती केला. घराण्यात पाचाचा होता. देवाची तक्रार आली नाही, चुलत्यांची आली.

कागदपत्रं लवकर हातावेगळी करा, माणूस सही करू शकतं तोवर. बँक खाती संयुक्त आहेत का? ७० वर्षांवरच्या आणि चालता न येणाऱ्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यायची सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१७ सालीच दिली आहे, शाखेत जाऊन मागा. पेन्शनसाठी हयातीचा दाखला फोनवरून, चेहरा दाखवून काढता येतो. २०१६पासून राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, उत्पन्नाची अट नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आणि अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड यांची चौकशी पंचायतीत करा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

आणि तुम्ही

एका दुपारी आईने तिसऱ्यांदा चादर खराब केली आणि मी तिच्यावर हात उगारला. मारला नाही. बाहेर जाऊन बाल्कांवातल्या सोप्यावर बसलो आणि मनात आलं, ही सुटली तर बरं. मग त्या विचाराची लाज वाटली, आणि लाजेपोटी पुढचे दोन महिने मी एकही दिवस घराबाहेर पडलो नाही. ही चूक होती. असे विचार सेवा करणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात येतात, कोणी बोलत नाही एवढंच. हात उगारावासा वाटला तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा: माणूस खाटेवर सुरक्षित आहे ना, कठडा वर आहे ना ते बघा आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. ओली चादर दहा मिनिटं थांबू शकते.

दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण नकोसं, कशातच मन नाही, सतत रडू किंवा सतत राग, दारू वाढलेली, ‘आपण नसतो तर बरं’ असे विचार, यातलं काही असेल तर डॉक्टरकडे जायचं ते आता आजाऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून २४ तास चालू आहे, नाव न सांगताही बोलता येतं. स्वतःच्या जिवाचं काही करून घेण्याचा विचार असेल तर लगेच फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिच्या दारात जायला आमच्या पिढीला अजून लाज वाटते. मीही पहिल्या वेळी ओळखीचं कोणी दिसलं तर ‘गोमेकॉत आलो होतो’ असं सांगायचं ठरवून गेलो होतो. आत बाकावर आमच्याच गावचे दोघे बसलेले होते.

तिथल्या समुपदेशकाने मला विचारलं, ‘तुम्ही पूर्वी काय करत होता जे आता बंद पडलं?’ मी म्हटलं, ‘मंगळवारचं भजन.’ ‘मग मन लागो न लागो, मंगळवारी जा.’ मला हे फार साधं वाटलं. नंतर कळलं की गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी, नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ भेटींत याच तत्त्वावर मदत केली होती, आणि तिचा चांगला परिणाम झाल्याचं २०१७ साली जगभर छापून आलं. मन बरं झालं की कामाला लागू असं न म्हणता आधी छोटं काम ठरवायचं, मन मागून येतं. पहिल्या दोन मंगळवारी मी पखवाजासमोर नुसता बसून राहिलो. तिसऱ्या मंगळवारी वाजवला.

रात्रीची झोप वाटून घ्या. एकाने १ वाजेपर्यंत, दुसऱ्याने नंतर. मदतनीस ठेवणार असाल तर पगार, वेळ, सुट्टी लिहून ठरवा, ओळखपत्राची प्रत घ्या आणि पहिले चार दिवस स्वतः बरोबर राहून आपल्या माणसाची रीत शिकवा. मदतनीस मुलीला माणसासारखं वागवा, जेवायला बसवा. ती टिकली तर तुम्ही टिकाल.

आई गेली चौथ्या वर्षी, पावसाळ्याआधी. तेराव्यानंतर कमोडची खुर्ची, वॉकर आणि हवेची गादी डिचोलीच्या एका घरी दिली, त्यांचे वडील दुसऱ्या दिवशी घरी यायचे होते. गादीला दोन ठिगळं होती. ती कुठे आहेत आणि वीज गेल्यावर काय करायचं, ते चिठ्ठीवर लिहून पंपाला बांधून दिलं.